उलट-सुलट फिरणारा रोटाव्हेटर घेताना: साडेतीन महिन्यांची नोंद

१४ नोव्हेंबरला दुपारी दादाने ट्रॅक्टर बांधाला आणून उभा केला, खाली उतरला आणि म्हणाला, "हे यंत्र या रानासाठी नाही."

रान तीन वर्षं पडीक होतं. दीड एकराचा तुकडा, वर गुडघ्याएवढं गवत, खाली हरळीचं जाळं आणि मुठीएवढे गोटे. मला तिथे गाजर आणि कांद्याचं रोप टाकायचं होतं, म्हणजे वरची चार बोटं माती चहाच्या पत्तीसारखी बारीक हवी होती. आमच्याकडचा जुना साधा रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार, लावला तर तो जमिनीवरून उड्या मारत गेला. ट्रॅक्टरला मागून कुणी तरी ढकलावं तसे हिसके बसत होते. एका पाळीनंतर गवत चिरडून वरच पडलेलं, गोटे उघडे, आणि पाती जेमतेम दोन इंच आत गेलेली. दुसऱ्या पाळीत एक पातं तुटलं.

तिथून २ मार्चपर्यंत जे जे केलं ते तारखांसकट वहीत लिहीत गेले. उलट दिशेने फिरणारा किंवा दोन्ही दिशांना फिरणारा रोटाव्हेटर घ्यायचा कुणाच्या मनात असेल तर ही नोंद हाताशी असावी म्हणून इथे मांडते. मला त्या वेळी अशी नोंद मिळाली असती तर निदान महिनाभर वाचला असता.

आधी रोटर, म्हणजे पाती बसवलेला दांडा, उलट फिरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायलाच मला आठवडा गेला. साध्या रोटाव्हेटरचा रोटर ट्रॅक्टरच्या चाकांच्याच दिशेने फिरतो. पातं वरून खाली येतं, मातीचा काप घेतं आणि मागे फेकतं. पाती जमिनीला मागे रेटतात, त्या रेट्याने यंत्र ट्रॅक्टरला पुढे लोटतं. मऊ, नांगरलेल्या रानात ही गोष्ट फायद्याचीच, कारण ट्रॅक्टरला ओढायचं काम उरत नाही. पण जमीन कडक असली की पाती आत शिरायच्या ऐवजी तिच्यावरून चालायला लागतात. दादाला बसलेले हिसके हेच होते.

उलट फिरणाऱ्या रोटरचं पातं तळाशी मातीत शिरतं आणि तिथून पुढे व वर उचलत येतं. माती रोटरच्या पुढून वर चढते, झाकणाला आपटते आणि रोटरवरून मागे पडते. रोटरच्या मागे सळयांची जाळी बसवलेली असेल तर ढेकूळ, गोटा, गवताचा झुबका जाळीला अडून आधी खाली पडतो आणि बारीक माती सळयांमधून निसटून त्याच्यावर पसरते. गोटे गाडले जातात आणि वर रोपासाठी गादी तयार होते, ती याच क्रमामुळे. पातं खालून वर उचलत असल्याने यंत्र स्वतःच जमिनीत ओढलं जातं, उडत नाही. पण ट्रॅक्टरला ते पुढे लोटत नाही, उलट मागे धरून ठेवतं. म्हणून ताकद जास्त लागते, चाकांना पकड जास्त लागते आणि चाल मंद ठेवावी लागते.

मग फक्त उलट फिरणाराच का नको, हा प्रश्न दादाने विचारला आणि तो बरोबर होता. आमचं बाकीचं साडेतीन एकर रान दरवर्षी नांगरलं जातं. तिथे कुजलेलं खत मिसळायला आणि ढेकळं फोडायला सुलट फिरणारा रोटर झपाट्याने काम करतो, डिझेलही कमी खातो. दोन यंत्रं ठेवायला ना पैसा होता ना जागा. म्हणून दोन्ही दिशांना चालणारं एकच यंत्र, असं ठरलं.

२० नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे तीन आठवडे विचारपूस चालली. चार विक्रेत्यांकडून पत्रकं घेतली. चौघेही आपल्या यंत्राला 'रिव्हर्सिबल' म्हणत होते आणि त्या एका शब्दाचे अर्थ तीन निघाले.

पहिल्या प्रकारात मधल्या गिअर बॉक्सवर लिव्हर असतो. आत पिनियनच्या, म्हणजे लहान दातेरी चाकाच्या, दोन्ही अंगांना दोन मोठी दातेरी चाकं, म्हणजे क्राउन गिअर असतात. लिव्हर ज्या क्राउनला शाफ्टशी जोडेल त्याप्रमाणे रोटरची दिशा बदलते. दुसऱ्या प्रकारात लिव्हर नसतो, अख्खा गिअर बॉक्स सोडवून उताणा बसवावा लागतो. पीटीओकडचं (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्याकडचं) तोंड तिथेच राहतं, क्राउनची बाजू बदलते आणि रोटर उलटा फिरू लागतो. हे स्वस्त पडतं. मात्र बॉक्स उताणा केला की हवा जायचं भोक खाली येतं. ते बूच आणि तेल भरायचं बूच अदलाबदल करून बसवलं नाही तर सगळं तेल गळून जातं. तिसऱ्याच्या पत्रकात रिव्हर्सिबल म्हणजे पाती होती. एका बाजूची धार गेली की फिरवून दुसरी धार वापरायची, एवढंच. रोटर आपला एकाच दिशेचा. तो विक्रेता फसवत होता असं मी म्हणणार नाही, पत्रकात बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. पण मी नीट विचारलं नसतं तर तेच यंत्र घरी आलं असतं, कारण ते सगळ्यात स्वस्त होतं. म्हणून विचारताना 'रिव्हर्सिबल आहे का' असं न विचारता 'रोटरची दिशा बदलते का, कशाने बदलते आणि बदलायला किती वेळ लागतो' असं विचारा.

आता पात्यांबद्दल. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि एकाही विक्रेत्याने ती आपणहून सांगितली नाही.

रोटाव्हेटरचं एल आकाराचं पातं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. त्याची धार एकाच कडेला, फिरण्याच्या दिशेला असते. लिव्हर ओढून रोटर उलटा केला की दिशा बदलते, पण पात्यांची धार होती तिकडेच राहते. मग पात्याची बोथट पाठ मातीवर आपटते. माती कापली जात नाही, ठोकली जाते. म्हणजे दिशा बदलायची तर पातीही बदलून लावायला हवीत.

त्यासाठी नवी पाती घ्यावी लागत नाहीत. रोटरवरच्या प्रत्येक चकतीला, म्हणजे फ्लँजला, तीन पाती डावीकडे वळलेली आणि तीन उजवीकडे वळलेली असतात. डावं पातं काढून पालथं केलं की ते उलट दिशेसाठीचं उजवं होतं आणि उजव्याचं डावं होतं. म्हणून प्रत्येक फ्लँजवर डाव्या-उजव्यांची अदलाबदल करायची. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर मात्र तीनच पाती असतात आणि ती सगळी आतल्या बाजूला वळलेली, म्हणून डाव्या टोकाचा संच उजव्या टोकाला न्यायचा आणि उजव्याचा डाव्या टोकाला. मी घेतलेल्या पाच फुटी यंत्रात सात फ्लँज आणि ३६ पाती आहेत. एका पात्याला दोन बोल्ट, म्हणजे ७२ बोल्ट. दिशा बदलणं याचा खरा अर्थ ७२ बोल्ट सोडून पुन्हा आवळणं असा आहे, लिव्हर हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

दोन्ही कडांना धार असलेली पातीही मिळतात. ती लावली तर अदलाबदल टळते. मी ती हातात घेऊन पाहिली. तिरप्या धारेसाठी दोन्हीकडून धातू काढलेला असल्याने पातं मधे बारीक वाटलं. गोट्यांच्या रानात ती वाकतील असं आमच्या मेकॅनिक काकांना वाटलं आणि मी त्यांचं ऐकलं. ज्यांची जमीन बिनगोट्याची आहे आणि ज्यांना आठवड्यातून दोनदा दिशा बदलावी लागते त्यांनी या पात्यांचा जरूर विचार करावा. आम्हाला वर्षातून दोन-तीनदाच दिशा बदलायची आहे.

यंत्राचं कळलं, आता आपला ट्रॅक्टर ते पेलेल का, हे पाहायचं होतं. आमचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा. हा आकडा इंजिनचा असतो. पीटीओवर त्यातली साधारण ८५ ते ९० टक्केच मिळते, म्हणजे आमच्या हाती ३८ ते ४० राहतात. यंत्राच्या पत्रकात 'इतक्या अश्वशक्तीचा ट्रॅक्टर' लिहिलेलं असतं, तो आकडा इंजिनचा की पीटीओचा आणि सुलट दिशेचा की उलट दिशेचा, हे दोन्ही विचारून घ्या. सुलट दिशेला आमचा ट्रॅक्टर सहा फुटी यंत्र सहज चालवेल असं सगळे म्हणाले. उलट दिशेसाठी मी पाच फुटीवर थांबले. पाच फुटी घेताना एक तपासणी हवीच, ती म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी. यंत्र तिच्यापेक्षा अरुंद असेल तर चाकाचा दाबलेला पट्टा न फुटता मागे राहतो. आमची चाकं बाहेरून १६५ सेंटीमीटर भरली आणि यंत्र १५० सेंटीमीटरचं होतं. चाकांच्या रिम आतल्या जागेवर बसवून रुंदी १४८ वर आणली. त्यात अर्धा दिवस गेला, खर्च काही झाला नाही.

चालीचा हिशेब मला फार आवडला, तो सांगतेच. पातं एका वेळी मातीचा किती लांब काप घेतं यावर माती बारीक होणार की जाड, हे ठरतं. सूत्र सोपं आहे. ट्रॅक्टर मिनिटाला जितके मीटर चालतो त्याला रोटरच्या मिनिटातल्या फेऱ्यांनी भागायचं आणि मग एका फ्लँजवर एका बाजूला किती पाती आहेत त्या संख्येने भागायचं. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटर चालला तर मिनिटाला ५० मीटर. रोटरच्या फेऱ्या २०० आणि पाती तीन. ५० भागिले ६०० म्हणजे ८.३ सेंटीमीटरचा काप. चाल ताशी २ किलोमीटर केली तर काप ५.६ सेंटीमीटर होतो. गाजरासाठी मला हा दुसरा आकडा हवा होता. पण पीटीओच्या ५४० फेऱ्या राखून ताशी २ किलोमीटरने चालायचं तर ट्रॅक्टरला तेवढा मंद गिअर हवा. गती कमी करायला थ्रॉटल कमी केला तर रोटरही मंदावतो आणि काप पुन्हा तेवढाच येतो. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत प्रत्येक गिअरची चाल दिलेली आहे. लो रेंजच्या पहिल्या गिअरला २.१ निघाली आणि जीव भांड्यात पडला. तुमच्या ट्रॅक्टरला असा मंद गिअर नसेल तर उलट फिरणाऱ्या यंत्राचा अर्धा फायदा तिथेच संपतो. त्यामुळे पुस्तिकेतला तो तक्ता यंत्राचं पत्रक मागवण्याआधी उघडावा.

नंतर वजन. जाळी, मागचा रोलर आणि लिव्हरचा गिअर बॉक्स धरून यंत्र ५२० किलोचं. हायड्रॉलिकची उचलक्षमता १,२०० किलो लिहिलेली पाहून मी निश्चिंत होते. काकांनी विचारलं, "ताई, हे १,२०० कुठे मोजलेले?" लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या खालच्या दांड्यांच्या, टोकाला मोजलेली क्षमता जास्त दिसते आणि टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजली की कमी होते. यंत्राचं वजन तर टोकाच्या बरंच मागे असतं, रोलर आणखी मागे. आमच्या बाबतीत तरीही भागत होतं. खरी अडचण पुढच्या चाकांची निघाली. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की मागे अवजार उचललेलं असताना पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंगला चाकं ऐकत नाहीत. १८ डिसेंबरला साधारण तेवढ्याच वजनाचं एक अवजार मागून आणून, ते उचलून, फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर घेतली. ३३० किलो. आमचा ट्रॅक्टर २,००० किलोचा, म्हणजे साडेसोळा टक्के. पुढे वजनं लावावी लागणार हे तिथेच कळलं. वजनकाट्याला पैसे नगण्य लागले, पण वजनांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढा आला. तो आधीच धरून ठेवा.

डिसेंबरअखेर दोन यंत्रं उरली, एक लिव्हरचं आणि एक गिअर बॉक्स उताणा करायचं. किमतीत फरक असा की आमच्या जुन्या साध्या रोटाव्हेटरसारखा नवा घेतला असता तर जेवढे पडले असते त्याच्या दीडपट उताणा बॉक्सवाल्याला आणि पावणेदोनपट लिव्हरवाल्याला. दादाचा कल स्वस्ताकडे होता. मी दोघांनाही एकच अट घातली, आमच्या रानात येऊन, आमच्या ट्रॅक्टरला जोडून, दोन्ही दिशांना चालवून दाखवा.

एक विक्रेता ६ जानेवारीला आला. तो दिवस वाईट गेला. रात्री पाणी झालं होतं आणि जमिनीला वापसा नव्हता, तरी माणसं आली आहेत तर बघू म्हणून आम्ही यंत्र लावलं. चालकाने लिव्हर उलट केला आणि तसाच निघाला. मी पाती बघितली होती, ती सुलट दिशेची होती. "पाती बदलायची नाहीत का?" असं विचारलं तर "काही फरक पडत नाही" असं उत्तर आलं. पन्नास पावलांवर ट्रॅक्टरने काळा धूर सोडला. आणखी तीस पावलांवर झाकणाच्या आत चिकट मातीचा लगदा इतका बसला की रोटर थांबला आणि स्लिप क्लचमधून (जोर जास्त झाला की घसरून यंत्र वाचवणाऱ्या चकत्यांमधून) जळका वास यायला लागला. लगदा काढायला पाऊण तास गेला. दादा संध्याकाळभर गप्प होता. मलाही वाटलं की दोन महिने आपण चुकीच्या वाटेवर घालवले, साधं यंत्र घेऊन दोन पाळ्या जास्त घातल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

रात्री वहीत लिहिताना लक्षात आलं की त्या दिवशी दोन चुका एकत्र झाल्या होत्या, ओली माती आणि चुकीची पाती. उलट फिरणारा रोटर सगळी माती झाकणाखालून वर नेतो, त्यामुळे ओल्या चिकण मातीत तो साध्यापेक्षा लवकर गच्च होतो. हे त्याचं खरंखुरं उणेपण आहे आणि ते स्वीकारूनच यंत्र घ्यावं लागतं. पात्यांचं तसं नव्हतं, ती नुसती हलगर्जी होती.

मी फोन करून पुन्हा यायची विनंती केली. ते नऊ दिवसांनी, १५ जानेवारीला आले. या वेळी मी आदल्या दिवशी चार ठिकाणी वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबून पाहिली. गोळा होत होता आणि बोटाने टिचकी मारली की फुटत होता. पाती सकाळी आमच्यासमोर बदलून घेतली, मी वेळ लावून मोजला. दोन सराईत माणसांना एक तास पन्नास मिनिटं लागली. मग त्याच पडीक तुकड्यात, लो एक गिअरला, पीटीओच्या ५४० फेऱ्यांवर यंत्र टाकलं.

आधीचं यंत्र जिथे उड्या मारत होतं तिथे हे खाली बसलं आणि बसूनच राहिलं. मागे जी पट्टी उमटली तिच्यावर मी चालत गेले तर पाय घोट्यापर्यंत रुतला. हाताने उकरलं तर वर तीन-साडेतीन इंच बारीक माती, तिच्याखाली गवताचे चिरलेले झुबके आणि त्याखाली गोटे. दादाने स्वतः उकरून पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा ट्रॅक्टरवर चढला, आणखी दोन पट्ट्या घातल्या. मागच्या चाकांची घसरण जाणवत होती, पण टायरमध्ये पाणी भरलेलं असल्याने निभावली.

दुसऱ्या विक्रेत्याने दोनदा तारीख देऊन रद्द केली. त्याचा गिअर बॉक्स उताणा करायला किती वेळ लागतो, हे मी शेवटपर्यंत पाहू शकले नाही, म्हणून ते यंत्र सोडलं. ते वाईट असेल असं नाही.

पसंतीनंतरचे कागद. दरपत्रकात विक्रेत्याने 'रोटाव्हेटर, ५ फूट, १ नग' एवढंच लिहिलं होतं. मी ते परत केलं आणि या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून मागितल्या: मॉडेल क्रमांक, पात्यांची संख्या आणि प्रकार, जाळी, रोलर, पीटीओ शाफ्ट आणि त्यावर स्लिप क्लच की शिअर बोल्ट (जोर जास्त झाला की स्वतः तुटणारा), जादा पातींचा अर्धा संच, पोहोचवण्याचा खर्च, यंत्र देण्याची तारीख आणि दर कोणत्या तारखेपर्यंत टिकेल ते. जाळी आणि रोलर मूळ किमतीत नव्हतेच, हे त्या वेळी उघड झालं. ते धरून किंमत बारा टक्क्यांनी वाढली. आधी कळलं म्हणून थोडी घासाघीस करता आली. हमीपत्राचा मसुदाही आधीच मागून वाचला. त्यात एक ओळ होती, 'उलट दिशेने चालवताना पात्यांची मांडणी पुस्तिकेप्रमाणे नसल्यास गिअर बॉक्सची हमी लागू नाही.' ६ तारखेला त्यांच्याच चालकाने जे केलं होतं ते आम्ही केलं असतं तर हमी गेली असती.

२२ जानेवारीला एक चतुर्थांश रक्कम भरून नोंदणी केली. तीन आठवड्यांत यंत्र येणार होतं, चार आठवड्यांनी १९ फेब्रुवारीला आलं. उतरवून घेताना यंत्रावरच्या पत्र्याचा अनुक्रमांक आणि हमीपत्रावरचा अनुक्रमांक ताडून पाहिला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते. विक्रेता म्हणाला की चालवायला सुरुवात करा, कागद मागून येईल. मी नकार दिला. वाद घातला नाही, पण उरलेली रक्कम आणि यंत्राचा वापर दोन्ही थांबवलं आणि पत्र्याचा फोटो जोडून लेखी कळवलं. दुरुस्त हमीपत्र आणि बीजक हातात यायला अकरा दिवस लागले. तो काळ फार कठीण गेला. रानाला वापसा आलेला, यंत्र दारात झाकून ठेवलेलं आणि दादा रोज सकाळी त्याच्याभोवती एक फेरी मारून यायचा. २ मार्चला कागद आले, तेव्हा उरलेले पैसे दिले.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत जोडणी मात्र करून घेतली. जोडणीच्या मापाने आमचा ट्रॅक्टर कॅटेगरी दोनचा, लोअर लिंकची भोकं २८ मिलिमीटरच्या पिनेची. यंत्रावरच्या पिना कॅटेगरी एकच्या, २२ मिलिमीटरच्या. मधे घालायच्या बुश मागवल्या. तशाच सैल लावल्या असत्या तर भोकं अंडाकृती झाली असती. पीटीओ शाफ्ट लांब होता. यंत्र वर-खाली करून सगळ्यात जवळचं अंतर कुठे येतं ते पाहिलं आणि तिथेही दोन नळ्या एकमेकींच्या तळाला टेकणार नाहीत इतकं कापलं. आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींवरची प्लास्टिकची आवरणं सारख्याच मापाने कापायची असतात. कामाच्या स्थितीत नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. कापलेल्या कडा कानशीने घासून ग्रीस लावलं. आवरणाची साखळी यंत्राला अडकवायला विसरू नका. फिरत्या शाफ्टमध्ये ओढणीचं किंवा धोतराचं टोक गेलं तर माणूस सुटत नाही.

स्लिप क्लच नवा असूनही चिकटलेला असू शकतो, हे काकांनी सांगितलं. त्यांनी स्प्रिंगच्या नटांवर खुणा केल्या, नट सैल केले, काही क्षण यंत्र फिरवून चकत्या घसरू दिल्या आणि नट पुन्हा खुणेवर आणले. लांब विश्रांतीनंतर दरवेळी हे करायचं आहे. गिअर बॉक्स आणि बाजूच्या पेटीतलं तेल पातळीची बुचं उघडून पाहिलं. बाजूच्या पेटीत ते कमी होतं.

५ मार्चला काम सुरू केलं. पडीक तुकड्यातले अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन भाग घेऊन एका भागात आधी जुना साधा रोटाव्हेटर घातला, दुसऱ्यात नवा उलट दिशेने. टाकी गळ्यापर्यंत भरून काम संपल्यावर पुन्हा भरली आणि भरलेलं डिझेल मापलं. जुन्याच्या दोन पाळ्यांना मिळून सव्वा तास आणि सहा लिटर लागले, तरीही गवत वरच होतं. नव्याची एक पाळी पंचावन्न मिनिटांत, पाच लिटरला किंचित कमी. पण हा हिशेब पडीक रानाचा आहे. पुढे आमच्या नांगरलेल्या रानात दोन्ही दिशा करून पाहिल्या, तेव्हा सुलट दिशेची एकच पाळी पुरली आणि उलट दिशेपेक्षा बरंच कमी डिझेल लागलं. तिथे उलट चालवणं म्हणजे डिझेल जाळणं.

पहिल्या दोन तासांनंतर सगळे ७२ बोल्ट पुन्हा तपासले, नऊ सैल निघाले. एक गोटा रोटर आणि झाकणाच्या मधे अडकला होता. उलट दिशेत हे होतंच, पुढून खडखड आवाज आला की लगेच थांबायचं. थांबायचं म्हणजे पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, यंत्राखाली लाकडी ठोकळे, आणि मगच हात घालायचा. लिव्हरलाही तोच नियम आहे. रोटर पूर्ण थांबल्याशिवाय दिशा बदलायची नाही, नाहीतर आतल्या दातांचे तुकडे पडतात.

हरळीबद्दल माझी अपेक्षा चुकली होती, तेही लिहिते. रोटर तिच्या काशा तोडतो, गाडतो, पण मारत नाही. वीस दिवसांत गाडलेल्या तुकड्यांतून कोंब वर आले. आता हरळी जिथे वर आली तो भाग उन्हात तापवून, काशा वेचून मगच पुढचं काम करणार आहोत. तसंच एका खोलीवर पुन्हा पुन्हा रोटाव्हेटर घातला तर पात्यांच्या खाली कडक थर बसतो आणि माती पिठासारखी होऊन पहिल्याच पाण्याला तिच्यावर पापुद्रा धरतो. म्हणून उलट दिशेची पाळी फक्त रोपाच्या तुकड्यात आणि हंगामाला एकदा, असं ठरवलं आहे.

२८ मार्चला आम्ही दोघांनी पहिल्यांदा स्वतः पाती बदलून सुलट दिशेची केली. पातं कसं वळलंय हे विसरायला होतं, म्हणून एका वेळी एकच फ्लँज उघडला. सगळी पाती एकदम काढली असती तर त्यांची मळसूत्री मांडणी बिघडली असती आणि रोटर थरथरला असता. टोकाच्या दोन फ्लँजची सहा पाती मात्र आधी खुणा करून एकदमच काढावी लागली. तीन तास वीस मिनिटं लागली आणि दादाच्या पान्याखाली दोन बोल्टांची डोकी गोल झाली. ते दोन्ही बोल्ट बदलले, डब्यात आणखी दहा आणून ठेवले. गाजराचं बी १० मार्चलाच टाकलं होतं. त्या सकाळी पाना हातात घेऊन जाताना वाफ्याकडे पाहिलं तर ओळी उगवल्या होत्या, सलग.